आठवीतल्या मुली मैदानावर का दिसत नाहीत?

"मुलींना खेळायला आवडतच नाही हो." हायस्कूलच्या शिक्षकांशी बोलायला बसलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. पीटीचा तास लागला की मुलगे मैदानात पसरतात आणि मुली झाडाखाली किंवा पायरीवर जाऊन बसतात. एकीच्या पोटात दुखत असतं, दुसरीचा गृहपाठ राहिलेला असतो, तिसरी मैत्रीण बसली म्हणून बसलेली असते. यावर शाळेचा ठरलेला उपाय म्हणजे उपदेश. २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, पाहुणे बोलावायचे, व्यायामाचं महत्त्व सांगायचं, भिंतीवर एक फलक रंगवायचा आणि मुलींना 'पुढे या' म्हणायचं. मुली टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर बसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. या मुलींना समजवायचं असं काही उरलेलंच नाही. खेळणं चांगलं, हे त्यांना माहीत आहे. बदलायचंय ते शाळेला: तिचा गणवेश, तिचं वेळापत्रक, मैदानाची वाटणी आणि क्रीडा म्हणजे काय याबद्दलची तिची समजूत.

आवड नसते, हे तर मुळातच खोटं आहे. त्याच गावातल्या चौथी-पाचवीच्या मुली मधल्या सुट्टीत पाहाव्यात. लंगडी, साखळी, विषामृत, डोंगर-पाणी. घंटा झाली तरी वर्गात यायचं नाव नाही, केस विस्कटलेले, गुडघे धुळीने माखलेले. श्रावणात मंगळागौर आली की याच पोरी मोठ्या बायकांच्या बरोबरीने फुगड्या घालतात, आणि बसफुगडी, झिम्मा, पिंगा हे खेळ दम काढणारे असतात हे एकदा खेळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जी मुलगी अकराव्या वर्षी धावत होती ती चौदाव्या वर्षी बसून राहते. मधल्या तीन वर्षांत तिची हौस आपोआप कशी काय आटेल? त्या तीन वर्षांत तिचं शरीर बदललं, आणि त्या बदललेल्या शरीरासाठी मैदानावर कुणी काहीच तयारी ठेवलेली नव्हती.

हा प्रश्न फक्त आपला नाही, आणि तो लहानही नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवर आधारलेला तिच्या संशोधकांचा जागतिक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा ते सतरा वयोगटातले ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली एवढी हालचाल करत नाहीत, असं त्यात दिसलं. भारताचे आकडे जगाच्या सरासरीपेक्षा थोडे बरे आले, आणि त्यामागची जी कारणं संशोधकांना संभवनीय वाटली ती वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. मुलगे गल्लीबोळात क्रिकेट खेळतात, आणि मुलींच्या वाट्याला घरकाम जास्त येतं. म्हणजे आपली मुलगी पाणी भरते, झाडलोट करते, भांडी घासते, आणि तेवढ्यावर ती हालचाल करणाऱ्यांत मोजली जाते. दोघांचं शरीर हलतं, पण एकाला खेळ मिळतो आणि दुसरीला काम.

या वयाला इतकं महत्त्व का, तेही सांगायला हवं, कारण 'पुढे करेल की व्यायाम' असं पालक सहज म्हणून जातात. हाडांची भरती या वयात होते. उंची झपाट्याने वाढते त्या काळाच्या आसपासच्या दोन वर्षांत, मोठेपणी शरीरात जेवढा अस्थिसंचय असतो त्याचा जवळपास चौथा हिस्सा तयार होतो. धावणं, उड्या मारणं, शरीराचा भार हाडांवर येईल असं काहीही करणं याचा फायदा हाडांना याच काळात सर्वाधिक होतो. पन्नाशीतल्या बाईला डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देतात, चालायला सांगतात. ते गरजेचं असतंच, पण तेरा-चौदाव्या वर्षी जमा करायचा साठा तेव्हा जमा करता येत नाही.

आता गणवेशाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तिथे आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आपल्याकडे कितीतरी शाळांत शनिवारी सकाळची शाळा असते, सामुदायिक कवायत असते आणि पीटीचा गणवेश पांढराशुभ्र असतो. पांढरा स्कर्ट, पांढरी सलवार नाहीतर पांढरी ट्रॅकपँट. ज्या मुलीची पाळी नुकती सुरू झालीय, जिला तारखेचा अजून अंदाज येत नाही, तिला हा पांढरा रंग आदल्या रात्रीपासून छळतो. ती कवायतीत हात पूर्ण वर नेत नाही, पाय फाकवून उडी मारत नाही, सारखं मागे वळून पाहते, मैत्रिणीला 'बघ ना' म्हणते. डाग पडलाच आणि तो मुलांनी पाहिला, तर ती पुढचे कित्येक महिने त्या मैदानाकडे फिरकणार नाही. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी त्या पांढऱ्या कपड्यात त्या अवस्थेत एक तास उभं राहण्याची कल्पना तरी करून पाहावी.

शुभ्र पोशाखाच्या कडक नियमासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या विम्बल्डन स्पर्धेने २०२३ पासून महिला खेळाडूंना आतून गडद रंगाची शॉर्ट्स घालायची मुभा दिली. पाळीच्या दिवसांत पांढरे कपडे घालून खेळण्याचं दडपण येतं, असं खेळाडूंनी उघडपणे सांगितलं होतं. इतकी परंपराप्रिय स्पर्धा हे ऐकू शकते, तर आपल्या तालुक्यातलं हायस्कूल का ऐकू शकणार नाही? गडद निळी किंवा काळी ट्रॅकपँट, वर सैलसर टी-शर्ट. यात ना संस्कृती बुडते, ना शिस्त. काही शाळांनी हे केलंही आहे आणि त्याला फारसा खर्च आला नाही.

ओढणीचंही तेच. दोन्ही खांद्यांवर पिना लावून घट्ट बसवलेली ओढणी सांभाळत खो-खोच्या खांबाला वळसा घालता येत नाही आणि सूरही मारता येत नाही. छातीबद्दल तर घरीही बोलणं होत नाही. इंग्लंडमध्ये ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना विचारलं तेव्हा ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे शाळेतल्या सक्तीच्या खेळांतल्या आपल्या सहभागावर काही ना काही परिणाम होतो. जिथे या विषयावर बोलायला आपल्यापेक्षा कमी संकोच आहे, तिथली ही गत. आपल्याकडे स्पोर्ट्स ब्रा ही शहरातल्या खेळाडू मुलींची चैन समजली जाते. ती खेळाच्या साहित्याचाच भाग आहे, हे पीटीच्या बाईंनी आयांच्या बैठकीत एकदा नीट, न लाजता सांगितलं पाहिजे. सध्या हे कुणीच सांगत नाही.

स्वच्छतागृहाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालंय. शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे, २०१८ च्या अस्मिता योजनेत पाच रुपयांत आठ पॅड देऊ केले होते. पण दाराला आतून कडी, नळाला पाणी आणि वापरलेला पॅड टाकायला झाकणाचा डबा, या तीन गोष्टी नसतील तर पॅड मिळूनही मुलगी तो बदलत नाही, आणि जी बदलत नाही ती पळत नाही.

मैदानाची वाटणी कशी होते ते पाहा. कुणी ठरवून करत नाही, पण मधोमध क्रिकेट चालू असतं आणि ते मुलांचं असतं. एका खेळपट्टीसाठी सगळं मैदान अडतं, कारण चेंडू कुठेही जाऊ शकतो. मुली कडेकडेने भिंतीला लागून फिरतात. मैदान लहान असेल, आणि शहरातल्या बऱ्याच शाळांचं ते असतंच, तर मुलींना जागाच उरत नाही. याला उपाय म्हणून कुणाला हाकलायची गरज नाही. सोमवार-बुधवारी मैदान मुलींचं, मंगळवार-गुरुवारी मुलांचं, शुक्रवारी दोघांचं, असं मुख्याध्यापकांनी एक कागद फळ्यावर लावला तरी पुरे. फक्त तो कागद जूनमध्ये लावून जुलैत विसरायचा नाही.

आणि जागा थोडी असेल तर खो-खो आहेच. हा आपल्या मातीतला खेळ आहे, पुण्यात त्याचे नियम बांधले गेले, आणि त्याला लागतात दोन खांब, थोडा चुना आणि क्रिकेटच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी जागा. बॅट नको, पॅड नकोत, फी नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्याआधी धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खोच खेळायची. पुढे ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. १९८४ मधल्या पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला तेव्हा सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती.

या मुलींचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही मुलींच्या खेळावर बोलताना आपण फक्त यांचीच नावं घेतो, याचं मला वाईट वाटतं. कारण त्यातून शाळेने एक सोयीस्कर अर्थ काढून घेतलाय: खेळ म्हणजे संघ, आणि संघ म्हणजे निवड. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत चालतात. खो-खोच्या संघात बारा मुली. समजा शाळेत चारशे मुली आहेत. खो-खो, कबड्डी, धावण्याच्या शर्यती, सगळं धरलं तर पन्नास-साठ मुली मैदानावर येतील. पीटीच्या सरांचा सगळा वेळ, चांगले बूट, प्रवासखर्च, शाबासकी हे सगळं त्या पन्नास-साठ जणींचं. ढाल आली की फोटो, दहावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. हे सगळं असावंच, त्यातलं एकही कमी होऊ नये. पण उरलेल्या साडेतीनशे मुलींना शाळेने काय दिलं? प्रेक्षकाची जागा.

जिला धावता येत नाही, जी जाड आहे, जिला चष्मा आहे, जी लाजते, जिचा नेम चुकतो, तिच्यासाठी मैदान सगळ्यात जास्त गरजेचं आहे. आपण मात्र तिला आधी शर्यतीत उभं करतो, शंभर मीटर पळायला लावतो, शेवटची आली की सगळा वर्ग हसतो, आणि मग ती खेळत नाही म्हणून तक्रार करतो. गणितात कच्च्या मुलीला आपण तास सोडून पायरीवर बसायला सांगत नाही. उलट तिच्याकडे जास्त लक्ष देतो. शारीरिक शिक्षणात मात्र कच्च्या मुलीने आपणहून बाजूला व्हावं अशी व्यवस्था आहे, आणि ती बाजूला झाली की सरांनाही हायसं वाटतं.

म्हणून पीटीचा तास पीटीलाच मिळाला पाहिजे. नववी-दहावीत तो राहतो तरी कुठे? दिवाळीनंतर विज्ञानाचा पोर्शन राहिला की पहिला बळी त्याचाच. शारीरिक शिक्षण श्रेणीचा विषय, श्रेणी सगळ्यांनाच मिळते. पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नसलेल्या शाळा खूप आहेत. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरच्या वर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस, असावा, असं शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. पण नेमणुका, मानधन आणि मुदतवाढ यांच्या घोळात तो माणूस शाळेत टिकत नाही. मग ज्यांचा तास मोकळा आहे ते शिक्षक मुलांना मैदानावर सोडतात आणि मुलींना 'वर्गात शांत बसा' सांगतात.

हा तास शाळेच्या वेळेतच का हवा, याचं कारण घरात आहे. शाळा सुटल्यावर मुलगा दप्तर टाकून बाहेर पळतो. मुलगी घरात शिरते आणि तिच्या हातात झाडू नाहीतर धाकटं भावंड येतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८, असं नोंदवलंय. या पाहणीत सहा वर्षांपासूनच्या मुलीही येतात. तेव्हा 'शाळा सुटल्यावर सरावाला थांबा' हे मुलांना जमतं, बहुतेक मुलींना जमत नाही. शेवटची एसटी चुकेल ही भीती वेगळीच. मुलींसाठी खरा मोकळा वेळ शाळेच्या दोन घंटांच्या मध्येच असतो. तो शाळेने गणिताला देऊन टाकला की त्या मुलीकडे दुसरा वेळ नाही.

पोटाचंही पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या मुलांमध्ये ३१ टक्के. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीतली मुलगी सकाळी कपभर चहा पिऊन सात वाजता गाव सोडते. तिला दोन फेऱ्यांत चक्कर येते, ती बसते, आणि आपण म्हणतो हिला आवड नाही. लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्याला नीट दिल्या जाव्यात, आणि शालेय आहार दहावीपर्यंत वाढवावा, या मागण्या क्रीडाशिक्षकांनीही आपल्या म्हणून लावून धरायला हव्यात. रक्तक्षय आहे म्हणून खेळू नको, हे उत्तर नाही. खाऊ घाला आणि झेपेल तेवढं खेळू द्या.

पालकांची भीती मी हलक्यात घेत नाही. 'पोरगी मोठी झाली, आता उन्हातान्हात पळायला कशाला', 'काळी पडेल', 'लग्नाच्या वेळी पायावरचे व्रण दिसतील', असली कारणं ऐकून राग येतो आणि ती खोडून काढलीच पाहिजेत. पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही, उलट हलक्या व्यायामाने पोटातल्या कळा कमी व्हायला मदत होते, हेही गावात आशाताईंनी आणि डॉक्टरांनी सांगत राहिलं पाहिजे. पण सुरक्षिततेची भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीपटूंना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसावं लागलं. २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. हे पाहिलेला बाप मुलीला परगावी स्पर्धेला पाठवताना कचरला, तर त्याला मागासलेला म्हणायचा अधिकार मला नाही. त्याला उत्तर हवंय ते व्यवस्थेचं. मुलींच्या संघाबरोबर एक बाई शिक्षिका जाणार म्हणजे जाणार. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेतली सखी सावित्री समिती कागदावर न राहता दर दोन-तीन महिन्यांनी मुलींशी सरांच्या गैरहजेरीत बोलणार. तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि फोन नंबर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर लावलेला असणार.

इथे स्वसंरक्षणाच्या शिबिरांबद्दलही मन मोकळं करतो. समग्र शिक्षा अभियानातून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं, त्यात कराटे वगैरे शिकवतात. ते जरूर चालू ठेवा, बऱ्याच मुली त्यात पहिल्यांदाच मोठ्याने ओरडतात आणि तेवढंही मोलाचं असतं. पण मुलीच्या हालचालीला सरकारकडून आणि शाळेकडून मिळणारं निमित्त सतत हल्ल्याचंच का असावं? मुलाने फुटबॉलला लाथ मारावी कारण मजा येते, आणि मुलीने लाथ शिकावी कारण कुणीतरी अंगावर येईल. मला मुलीसाठीही मजाच हवी आहे. तिला दम लागावा, घाम यावा, ती हरून चिडावी आणि उद्या पुन्हा यावं.

मजा कशात येते, ते मुलींना विचारा. सगळ्यांना खो-खो आवडेल असं नाही. कुणाला नाच आवडेल, आणि तालावर चाळीस मिनिटं नाचणं हा उत्तम व्यायाम आहे. लेझीम शाळेत पडूनच असते, ती फक्त पंधरा ऑगस्टला कपाटातून का निघते? कुणाला दोरीच्या उड्या, कुणाला बॅडमिंटन, कुणाला मैत्रिणीबरोबर मैदानाला झपाझप फेऱ्या. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. रोज तीन-चार किलोमीटर सायकल हाणत येणारी मुलगी त्या दिवसाच्या व्यायामाचा काही हिस्सा शाळेत पोचण्याआधीच करून आलेली असते, आणि ती टोळीने येते तेव्हा रस्त्यावरची भीतीही निम्मी होते. जिथे ही योजना नाही तिथे ती मागायला हवी.

यातलं बरंचसं ठरवायला मंत्रालयात जायची गरज नाही. मोफत गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला आहे. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. खाजगी हायस्कूलमध्ये पालक-शिक्षक संघ असतो. जूनमधल्या पहिल्या बैठकीत आयांनी तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्यायला लावाव्यात: पीटीचा गणवेश गडद रंगाचा, मैदानाचे वार ठरवून लिहिलेले, आणि नववी-दहावीचा पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही असा ठराव. इतिवृत्तात त्यांची नोंद करून घ्यावी, आणि दिवाळीनंतरच्या बैठकीत ते इतिवृत्त उघडून विचारावं.